देवाच्या खात्यातली थकबाकी

(हैदराबाद येथील शारदीय व्याख्यानमालेत २८ सप्टेंबर रोजी दिलेले व्याख्यान. ध्वनिमुद्रणावरून.)

असल्या पावसात घराबाहेर पडलेल्या मंडळींनो,

पत्रिकेवर विषय छापलाय ‘ईश्वर आणि अशुभाची समस्या’. मी कळवलेला विषय होता ‘मुसी’. संयोजक म्हणाले, एवढासा विषय व्याख्यानमालेला शोभत नाही. (हशा) हरकत नाही. परवाच एमजीबीएसच्या बसस्थानकात मुसी नदी शिरली, तेव्हा तिच्यावरून ईश्वराकडे जायची वाट मोकळीच आहे.

आधीच सांगतो, मी तत्त्वज्ञान शिकलेलो नाही. चौतीस वर्षं लेखापरीक्षण केलं. एपिक्युरसचा पेच, १७५५ चा लिस्बनचा भूकंप, त्यावरून व्होल्तेरनं आशावाद्यांची उडवलेली टर, हे सगळं तुम्हाला माहीत आहे, मी वेळ घेत नाही. फक्त एक. ब्रह्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात देवावरचे दोन आरोप नोंदलेत, वैषम्य आणि नैर्घृण्य. म्हणजे पक्षपात आणि निर्दयपणा. नोंदले, आणि जिवाच्या कर्माकडे बोट दाखवून लगेच निकालात काढले. आमच्या भाषेत ‘पॅरा ड्रॉप केला’. तो पॅरा मला आज पुन्हा उघडायचाय.

१९०८ साल. २८ सप्टेंबर. बरोबर आजची तारीख. नवरात्र बसून दोन-तीन दिवस झालेले आणि रमजानचा चाँद नुकताच दिसलेला. म्हणजे या शहरात त्या आठवड्यात देवाचं नाव घेणाऱ्यांची कमतरता नव्हती. शमशाबादला चोवीस तासांत १२.८ इंच पाऊस झाला. रात्रीतून मुसी चढली, अफजलगंज बुडालं, पूल गेले, पुराना पूल तेवढा राहिला. मेलेल्यांचा आकडा पंधरा हजारांपर्यंत सांगतात.

आता उस्मानिया दवाखान्यातली चिंच. दीडशे माणसं तिच्यावर चढून वाचली. मी हे बोलतोय आणि पाच-सहा चेहरे फुललेले मला इथून दिसतायत. “आमची पणजी त्या झाडावर होती.” हौ, असेल. पण हैदराबादेतल्या प्रत्येक घरातली एक आजी त्या चिंचेवर होती. माणसं दीडशे आणि वारस चाळीस हजार! (हशा) माझी आजी चिंचेवर नव्हती. ती दहा वर्षांची, शेजाऱ्यांच्या माडीवर होती. तिचा धाकटा भाऊ चार वर्षांचा, तो खालीच राहिला.

आता सांगा, चार वर्षांच्या पोराचं कोणतं कर्म? मागच्या जन्मीचं म्हणाल. मी ऑडिटवाला. ज्या व्यवहाराचं व्हाउचर कधीच दाखवता येत नाही, त्यावर वसुली लावायची आणि तीही चार वर्षांच्या मुलावर? आमच्या खात्यात असं करणाऱ्याला मेमो मिळाला असता. कर्मसिद्धान्त ज्यानं त्यानं स्वतःपुरता वापरावा, त्याला माझी हरकत नाही. दुसऱ्याच्या मढ्यावर तो ठेवू नये.

कोणी घरी जाऊन मी नास्तिक झालो असं सांगू नका. आमच्याकडे घट बसलेत, अखंड दिवा चालू आहे. आमचे नरहर कुरुंदकर याच शहरात शिकले आणि निःशंक नास्तिक राहिले, मला त्यांचा हेवा वाटतो. मला ते जमलं नाही. का जमलं नाही, तेच सांगायला आलोय.

मी तीन माणसं घेऊन आलो होतो. एक राजा, एक इंजिनियर, एक कवी. राजा तुम्हाला माहीत आहे. महबूब अली पाशा नदीकाठी गेले आणि पंडितांच्या सांगण्यावरून मुसीला साडी-चोळी, हळदकुंकू वाहिलं अशी आख्यायिका आहे. ज्यांच्या नावाची दुहाई दिली की सापाचं विष उतरतं असं लोक मानत, त्यांच्याबद्दलच ही गोष्ट जन्मावी हे ठीकच. पुढे जाऊ.

जाण्याआधी एक आठवलं. दामाजीपंत. (हशा) हसू नका, मंगळवेढ्याहून बिदर आणि बिदरहून हैदराबाद, विषय इथलाच आहे. लहानपणी आजी ही गोष्ट सांगायची. दुष्काळ पडला, पंतांनी बादशहाची कोठारं लुटवली, विठू महार होऊन बिदरच्या दरबारात मोहरा ओतून गेला, पावती घेऊन गेला. पावती! म्हणूनच मला ही गोष्ट आवडायची. आठ वर्षांचा होतो, विचारलं, “आजी, एवढ्या मोहरा होत्या तर विठोबानं आधीच पाऊस का नाही पाडला?”

थांबा, उत्तर नंतर. कारण तेलुगूत हीच गोष्ट आहे, आणि इतकी वर्षं इथे राहून आपण ती मराठीच्या शेजारी कधी ठेवली नाही. कंचर्ला गोपण्णा, पलवंचाचा तहसीलदार. सरकारी वसुली भद्राचलमच्या राममंदिरात घातली. अपहारच, दुसरा शब्द नाही. सुलतान तानाशाहनं गोवळकोंड्यावर कोंडलं, ती कोठडी आजही दाखवतात. परंपरा सांगते, बारा वर्षांनी राम-लक्ष्मण स्वतः येऊन रक्कम भरून गेले. बघा, दोघेही महसुलातले, दोघांच्याही अंगावर तूट आणि दोन्हीकडे भरणा देवाचा. दामाजीकडे देव लगेच आला, गोपण्णाकडे बारा वर्षांनी. व्याजाचं काय झालं, ते दोन्हीकडे लिहिलेलं नाही. (हशा, टाळ्या)

पण त्या बारा वर्षांत गोपण्णा काय करत होता? रामाला हिशेब ऐकवत होता. तुला हा दागिना केला, इतक्या मोहरा लागल्या, भावाला तो केला, इतक्या लागल्या, आता मिरवतोस कोणाच्या पैशावर? आणि एवढं सुनावून झाल्यावर त्याच पदात माफी मागतो, मार पडतोय म्हणून तोंडातून गेलं रे. आपला तुकोबा घ्या. दुष्काळात बायको गेली, पोरगा गेला. नामदेव घ्या, जनाबाई घ्या. जनाबाईनं विठ्ठलाला जे सुनावलंय ते मी या व्यासपीठावरून म्हणू शकत नाही, पुढच्या वर्षी बोलावणार नाहीत. यांतल्या एकानंही देवाची वकिली केलेली नाही. वकिली पंडितांनी केली. संतांनी आक्षेप घेतला. आणि चौतीस वर्षांत मी एवढंच शिकलो, की आक्षेप परक्याच्या खात्यावर घेता येत नाही. ज्या दप्तराशी आपला संबंध आहे, त्याच्यावरच तो घेतात.

(श्रोत्यांतून: “आणि उत्तर आलं नाही तर?”) तर पॅरा प्रलंबित राहतो, महाराज. प्रलंबित म्हणजे रद्द नव्हे.

चिठ्ठी आली. सात मिनिटं? पाच. बरं.

इंजिनियर लवकर उरकतो. विश्वेश्वरय्या १९०९ साली आले. नदीच्या वरच्या अंगाला ७८८ तलाव होते, त्यांतले २२१ त्या पावसात फुटले, हे त्यांनी मांडलं. म्हणजे एकेक बांध फुटत पाणी खालच्या बांधावर येत गेलं. उस्मानसागर आणि हिमायतसागर ही धरणं त्यातून झाली. मला हा मनुष्य यासाठी मोठा वाटतो की त्यानं प्रश्नाचे दोन भाग पाडले. पाऊस कोणी पाडला, हे देवाला विचारा. बांध का फुटला, हे आम्हाला. आपण नेमकं उलट करतो, बांधाचं देवावर ढकलतो आणि पावसाचं पापावर. किल्लारीच्या भूकंपात तेच. १९९३, गणपती बोळवून लोक निजले होते. कुणाचं पाप, याची चर्चा सुरू झाली आणि मातीत रचलेल्या दगडाच्या जाड भिंती बाजूला राहिल्या. यावर स्वतंत्र व्याख्यान हवं... नको? बरं.

कवी म्हणजे अमजद हैदराबादी. मुसीच्या त्या पुरात आई, बायको, मुलगी, तिघी त्यांच्या डोळ्यांदेखत गेल्या. एकटे उरले आणि १९६१ पर्यंत जगले. रुबाई लिहिली, आणि अखेरपर्यंत देवाशीच बोलत राहिले. त्यांच्यासाठी मी अर्धा तास ठेवला होता, तो दामाजीपंतांनी खाल्ला. दुष्काळच होता म्हणा. (हशा)

आजीचं उत्तर राहिलं. ती भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, “मला काय विचारतोस? तो बसलाय देवघरात, त्याला विचार.”

मी तेव्हा समजलो, टाळलं. नंतर लक्षात आलं, ती स्वतः विचारतच होती. आमच्या घरी वर्षातून एक दिवस देवाला नैवेद्य नसतो. २८ सप्टेंबर. पूजा होते, दिवा असतो, आरतीही होते. ताट दाखवत नाहीत. आजीनं लग्नानंतर सुरू केलं, सासूचा मार खाल्ला, सोडलं नाही. पुढे आईनं केलं, आता आमची सौ. करते. यंदा तारीख नवरात्रात आली, सूनबाई सकाळी म्हणाली, “बाबा, घट बसलेत, या वर्षी नक्को.” दोघी आत बोलत होत्या, मी इकडे निघालो. काय ठरलं ते घरी गेल्यावर कळेल.

आभार मानायला कोण येतंय? या, या. माझी छत्री तिकडे खांबापाशी आहे, ती तेवढी कोणी नेऊ नका.