पर्यायी निधींचं दार आणि आपली माणसं



गुंतवणूकदारांच्या या मराठी परिषदेसाठी स्वागत समितीतर्फे मी आपणा सर्वांचं हैदराबादेत मनःपूर्वक स्वागत करतो. नांदेड, लातूर, परभणीहून आलेल्या मंडळींना हे शहर परकं नाही. १९४१ साली इथे निघालेल्या हैदराबाद स्टेट बँकेची पासबुकं आपल्यापैकी अनेकांच्या घरी असतील. त्या पिढीला ठेवीची मुदत आणि व्याजाचा दर कळला की पुरत असे.

आज आपल्यापुढे पर्यायी गुंतवणूक निधी आहेत. त्यांतल्या बहुतेकांत पैसा कित्येक वर्षं अडकतो. काही निधी कर्जाऊ पैशांवरही सौदे करतात. बाजार नियामक सेबीने २०१२च्या नियमांत त्यांच्या दाराशी किमान १ कोटी रुपयांची अट घातली. लहान माणूस होरपळू नये, हा हेतू रास्तच. पण या अटीने खिसा मोजला जातो, समज तपासली जात नाही. आउटर रिंग रोडलगतचं रान विकलेल्या शेतकऱ्याकडे १ कोटी असतात, आणि तेवढेच असतात.

मग ज्याच्याकडे पाच-दहा लाखच आहेत, तो कुठे जातो? याच शहरात ते दिसलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये सायबराबाद पोलिसांनी फाल्कन प्रकरणात पहिल्या अटका केल्या. बड्या कंपन्यांच्या बिलांवर पैसे लावा, वर्षाला २२ टक्क्यांपर्यंत मिळवा, असं आमिष होतं. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे सुमारे ७ हजार लोकांचे ८५० कोटी रुपये बुडीत आहेत. तिथे ना कोटीची अट होती, ना सेबीचा पहारा.

म्हणूनच एप्रिल २०२५ पासून सेबीने १० लाखांपासूनचे विशेषीकृत गुंतवणूक निधी खुले केले, ते मला मनापासून पटतं. नियमांच्या आतली मधली वाट हवीच होती. पण सही घेण्याआधी गुंतवणूकदाराला त्याच्याच भाषेत तीन गोष्टी सांगणं सेबीने सक्तीचं करावं: पैसे किती वर्षं अडकतील, विकणाऱ्याला किती मिळेल, आणि सगळं बिघडलं तर हाती काय उरेल. पर्यायी निधींच्या आगाऊ कमिशनला सेबीने २०२३ मध्ये कात्री लावली. पाऊल योग्य होतं, पण अपुरं.

उद्याच्या खुल्या अधिवेशनात या मागणीचा ठराव येईल. मोकळेपणाने बोला, दुरुस्त्या सुचवा. तो मराठीबरोबर तेलुगूतही सेबीकडे पाठवावा, अशी आमच्या समितीची इच्छा आहे. आता उद्घाटकांनी आपले विचार मांडावेत, अशी मी त्यांना विनंती करतो.