सामाजिक चित्रपट ऐकताना



मूकपटात कुत्रं रडलेलं कुणी ऐकलंय का? जे. बी. एच. वाडिया यांनी ऐकलं होतं. हे वाडिया म्हणजे ज्यांच्या कंपनीनं ‘हंटरवाली’ काढला ते, चाबूक कडाडणाऱ्या स्टंटपटांचे निर्माते. बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ त्यांनी पाहिला होता. त्याबद्दल त्यांनी लिहून ठेवलंय, की अंधारलेली एक उदास झोपडी आणि कुत्र्याचं हेल काढून रडणं, हे मनात राहिलं. चित्रपट १९२५ सालचा, म्हणजे मुका. भारतीय चित्रपट बोलायला लागायला अजून सहा वर्षं होती.

आपली भेट रेडिओवर होते आहे, तेव्हा चित्र मला तुम्हाला दाखवता येणार नाही. म्हणून ज्याला आपण सामाजिक किंवा कौटुंबिक चित्रपट म्हणतो, त्याच्याबद्दल आज कानाच्या वाटेनं बोलतो. हा प्रकार डोळ्यांपेक्षा कानावरच जास्त उभा आहे, असं माझं मत आहे. युद्धपट, पौराणिक, पोशाखी चित्रपट यांना दाखवायला पुष्कळ असतं. इथे मात्र चार भिंती, पाच-सहा माणसं आणि त्यांच्यातला न सुटणारा पेच. चमत्कार होणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मग प्रश्न उरतो तो एवढाच, की ही माणसं किती बोलतात आणि केव्हा गप्प बसतात.

‘सावकारी पाश’ला कथा होती नारायण हरी आपटे यांची. तरुण शेतकऱ्याची जमीन सावकाराच्या घशात जाते आणि तो शहरात गिरणी कामगार होतो. तो तरुण झाला होता शांताराम वणकुद्रे, म्हणजे आपले व्ही. शांताराम. पडद्यावर देवादिकांची चलती होती, तेव्हा कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनं ही गोष्ट काढली, याचं मोल मोठं आहे.

बारा वर्षांनी त्याच शांतारामांनी पुण्यात, प्रभातच्या स्टुडिओत, त्याच आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर ‘कुंकू’ केला. साल १९३७. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

गोष्ट तुम्हाला माहीत असेल. मामा पैसे घेऊन नीराचं लग्न एका वयस्क विधुर वकिलाशी, काकासाहेबांशी लावून देतो. फसवणूक कळल्यावर नीरा त्या घरात राहते, पण त्यांची बायको व्हायला साफ नकार देते. शांता आपटे यांची नीरा आणि केशवराव दाते यांचे काकासाहेब. काकासाहेबांना खलनायक करणं किती सोपं होतं! दात्यांनी तसं केलं नाही. हा माणूस केसांना कलप लावतो, आरशासमोर उभा राहतो, आणि आपल्याला त्याची चीड येता येता कीवही येते.

पण आता कान द्या. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. आज एखादी मालिका लावा, सासूनं नुसती मान वळवली तरी मागे तीन वेळा वीज कडाडते. ‘कुंकू’मध्ये कुठे व्हायोलिन रडत नाही. ऐकू येतं ते त्या घरातलंच. भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाची टिकटिक आधी नुसती वेळ सांगते, मग हळूहळू काकासाहेबांचं वय सांगायला लागते. घड्याळ आणि काकासाहेब, दोघंही कुरकुरत, अडखळत चाललेले. संगीतकार होते केशवराव भोळे. ज्या संगीतकारानं असा चित्रपट पार्श्वसंगीताविना राहू दिला, त्याच्याइतकी संगीताची जाण फार थोड्यांना असेल. आणि गाणी आहेत बरं का. नीरा एक इंग्रजी कविता गाते, लाँगफेलोची. त्या काळच्या वाड्यातली मुलगी इंग्रजीत गाते हे काहींना खटकतं. मला ते तिच्या हट्टीपणाशी जुळणारं वाटतं.

हा संयम आला कुठून? मराठी चित्रपट भडक आहे तो नाटकामुळे, असं आपण सर्रास म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतर या संस्थेनं ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणलं. मूळ नॉर्वेजियन नाटककार ब्यर्नसनचं, मराठी रूप श्री. वि. वर्तकांचं. स्त्रीभूमिका स्त्रियांनी केल्या, ताना घेत प्रवेश अडवून ठेवणं बंद झालं आणि माणसं दिवाणखान्यात बोलतात तशी बोलायला लागली. त्या प्रयोगात दातेही होते आणि भोळेही. चारच वर्षांनी दोघं ‘कुंकू’त भेटतात. भडकपणा रंगभूमीकडून आला असेल, तर त्यावरचा उताराही तिथूनच आला.

प्रभातनं पुढे ‘माणूस’मध्ये पोलीस शिपाई गणपत आणि वेश्या मैना यांची गोष्ट सांगितली, ‘शेजारी’मध्ये हिंदू-मुसलमान मित्रांचं दुभंगणं दाखवलं. हे दोन्ही चित्रपट मोठे आहेत, पण ‘कुंकू’ची शांतता त्यांच्यात नाही.

स्वातंत्र्यानंतर हा प्रकार अनेक अंगांनी वाढला. आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’नं तमाशाच्या फडाला कौटुंबिक सूडकथेत आणलं आणि पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे मुक्काम ठोकला. ढोलकीच्या त्या लाटेत पुढची कितीतरी वर्षं गेली. त्यातलं निम्मं विसरलं तरी चालेल.

सत्तरच्या दशकात विजय तेंडुलकरांच्या लेखणीतून आणि जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनातून ‘सामना’ आला आणि भांडण वाड्यातून साखर कारखान्यावर गेलं. निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील कधी आवाज चढवत नाही, कारण त्याला ती गरजच नाही. समोर डॉ. श्रीराम लागूंचा दारूनं खंगलेला मास्तर. मारुती कांबळे नावाच्या माणसाचं काय झालं, एवढं एकच तो विचारत राहतो. राजकीय चित्रपट म्हटलं की आपल्याला सभा आणि घोषणा आठवतात. इथे एक प्रश्न पुन्हा पुन्हा, साध्या आवाजात विचारला जातो आणि त्यानं अख्खी सत्ता अस्वस्थ होते.

मग १९९१ साली ‘माहेरची साडी’. या चित्रपटाचं नाव काढलं की सुशिक्षित माणूस हसतो. मी हसणार नाही. सगळं टिपेला गेलेलं आहे हे कबूल: छळ, रडं, संगीत, सगळंच. पण अलका कुबल यांच्यासोबत थिएटरात ज्या बायका रडल्या, त्या काही फसलेल्या नव्हत्या. घरात ज्यांना हुंदका देण्याचीही सोय नव्हती, त्यांना अंधारात तीन तास ती मिळाली. अतिनाट्य ही या प्रकाराची थोरली शाखा आहे आणि तिचं गिऱ्हाईक कधी तुटलेलं नाही. माझी तक्रार वेगळीच आहे. त्या यशानंतर कितीतरी निर्मात्यांनी रडं तेवढं उचललं, त्यामागची बाई नाही.

२००४ मध्ये ‘श्वास’ प्रदर्शित झाला, तेव्हा मराठी प्रेक्षकाला कुजबूज ऐकण्याची सवय पुन्हा लागली. नातवाचा जीव वाचवायचा तर डोळे गमवावे लागणार. ऑपरेशनच्या आधी आजोबा त्याला हॉस्पिटलमधून गुपचूप बाहेर नेतात, जग दाखवायला. अरुण नलावडे यांचे आजोबा त्यात भाषण करत नाहीत. ‘श्यामची आई’नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय सन्मान मराठीकडे आला तो या चित्रपटामुळे, मध्ये अर्धं शतक गेल्यावर.

आणि ‘कोर्ट’! चैतन्य ताम्हाणे यांच्या या चित्रपटाला २०१४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात पुरस्कार मिळाला. कोर्टातला प्रवेश म्हटलं की काळा कोट, टेबलावर मूठ आणि ऐन वेळी धावत येणारा साक्षीदार, हे आपल्या अंगवळणी पडलेलं. इथे सरकारी वकीलबाई कायद्याचं कलम एका सुरात, न थांबता वाचत सुटतात. न्यायाधीश वाक्य सांगतात, टंकलेखक ते उतरवून घेतो. एका बाईंचा खटला पुकारला जातो आणि बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून तो तसाच बाजूला ठेवला जातो. आरोपी आहे एक लोकशाहीर. त्याच्या गाण्यामुळे गटार साफ करणाऱ्या कामगारानं जीव दिला, असा आरोप. संतापावं असं सगळं, पण चित्रपट संतापत नाही, कॅमेरा लांब उभा राहतो. मात्र शाहीर नारायण कांबळे गायला लागतो, तेव्हा त्या सपाट सुरांच्या जगात एकदम जिवंत आवाज घुसतो. ती भूमिका वीरा साथीदार यांनी केली होती. ते स्वतःही चळवळीतलेच कार्यकर्ते. कोव्हिडच्या काळात, २०२१ मध्ये ते गेले.

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ही इथेच घ्यायला हवा. सगळा गाव बघत असताना जब्या या शाळकरी मुलाचं कुटुंब डुकराच्या मागे धावतंय. डुक्कर हाताशी येतं आणि नेमकं शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी ताठ उभे, आणि डुक्कर समोरून आरामात निघून जातं. त्या प्रसंगात कुणी एक शब्द बोलत नाही. पुढे जब्या जो दगड भिरकावतो, तो थेट आपल्याकडे येतो.

हे चित्रपट संथ असतात, काही घडतच नाही, अशी तक्रार मी वारंवार ऐकतो. काही चित्रपट खरंच संथ असतात आणि संथपणालाच खोली समजतात. त्यांची बाजू मी घेणार नाही. पण ‘कुंकू’ पाहिला नसेल, तर एकदा जरूर पाहा. मोबाइल बाजूला ठेवा, आवाज थोडा वाढवा आणि घरातल्या थोरांबरोबर तरुणांनाही बसवा. पाहून झाल्यावर नीरानं केलं ते बरोबर की चूक, यावर वाद घाला. चित्रपट ऐंशी वर्षांहून जुना आहे, वाद अजून मिटलेला नाही.