कौले उडाल्यावर



3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, मुरूड, दापोली या भागांत कौले नि पत्रे पाचोळ्यासारखे उडाले. पुढच्याच वर्षी, मे 2021 मध्ये, तौक्ते वादळ कोकणपट्टीला झोडपून गेले. पाऊस तोंडावर आणि डोक्यावर छप्पर नाही! अशा वेळी माणूस काय करतो? फुटकी कौले उकिरड्यावर टाकतो, सुताराला बोलावतो आणि घर शाकारून घेतो. पोराबाळांना कोरडे ठेवायचे म्हटल्यावर दुसरे काय करणार? पण घराचा विमा उतरलेला असेल, तर या घाईत आपला पुरावाच उकिरड्यावर जातो, बरे का!

मग कसे करावे? पहिले काम, कंपनीला ताबडतोब कळवावे. नुसते तोंडी नको. लेखी कळवावे आणि त्याची पोच घ्यावी. दुसरे, काही हलवण्याआधी छायाचित्रे काढावीत. आज मोबाईल घरोघर आहे. आधी सबंध घर, मग आढे, वासे, रीप, भिजलेल्या भिंती, फुटलेली कौले. तिसरे, ताडपत्री घालून पाऊस जरूर अडवावा. नुकसान वाढू न देणे हे विमेदाराचे कर्तव्यच आहे. ताडपत्रीची पावती मात्र जपावी. फुटकी कौले नि मोडके वासे पाहणी होईपर्यंत अंगणाच्या कडेला रचून ठेवावेत.

पाहणीला येतो तो सर्वेक्षक. त्याला परवाना विमा नियामक प्राधिकरणाचा असतो, पण त्याला नेमते कंपनी आणि त्याचे मानधनही कंपनीच देते. त्याने निःपक्षपातीपणे मोजमाप करावे असा नियम आहे. तरीही आपली बाजू आपणच मांडावी लागते. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत विमेदाराच्या बाजूने नुकसान मोजणारा परवानाधारक माणूस मिळतो. त्याला पब्लिक ॲडजस्टर म्हणतात. मिळालेल्या भरपाईतून तो ठरलेला हिस्सा घेतो. आपल्या वाडीवस्तीवर असा माणूस कुठून आणायचा?

शिक्षक बंधुभगिनींनो, इथे तुमची आठवण होते. एखादी एकटी म्हातारी पॉलिसीचा कागद घेऊन तुमच्याकडे आली, तर तो तिला वाचून दाखवा. तिचे पत्र लिहून द्या. किती कौले फुटली, किती वासे मोडले, सुताराची मजुरी किती, याची यादी करून सुताराकडून लेखी अंदाजपत्रक घ्या. पाहणीच्या दिवशी तास-अर्धा तास तिच्याजवळ उभे राहा. एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

पाहणीत वादाचा मुद्दा बहुधा एकच असतो. "हे वादळानं मोडलं, की वाळवीनं आधीच खाल्लं होतं?" झिजेची भरपाई विम्यात मिळत नाही. म्हणून दर वर्षी उन्हाळ्यात घर शाकारले की दोन छायाचित्रे काढा आणि मजुरीची पावती ठेवा. छप्पर वादळापूर्वी धड होते, याला याहून चांगला साक्षीदार नाही.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो. तलाठ्याने केलेला पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो. पंचनामा झाला म्हणजे विम्याचा दावा दाखल झाला, असे नव्हे. दावा वेगळा करावा लागतो. पंचनाम्याची नक्कल मात्र त्याला जोडावी. ती उपयोगी पडते.

रक्कम कमी वाटली तर? सर्वेक्षकाच्या अहवालाची प्रत लेखी मागावी. कशाचे किती कापले ते पाहावे. "पूर्ण व अंतिम भरपाई मिळाली" अशा कागदावर वाचल्याशिवाय अंगठा उठवू नये. कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही! तक्रार आधी कंपनीकडे लेखी करावी. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. त्यांची कार्यालये मुंबईत आणि पुण्यात आहेत. फी नाही, वकील लागत नाही आणि 50 लाख रुपयांपर्यंतची भरपाई देण्याचा त्यांना अधिकार आहे. त्यांचा निवाडा कंपनीला बंधनकारक असतो.

ज्यांनी विमा उतरलेला नाही त्यांनाही दोन शब्द. 1 एप्रिल 2021 पासून सर्वसाधारण विमा कंपन्या 'भारत गृह रक्षा' ही एकसारख्या अटींची घरविम्याची पॉलिसी देतात. तीत वादळ नि पूर दोन्ही येतात. विमा घर पुन्हा बांधण्याच्या खर्चाइतका घ्यावा. जागेची किंमत त्यात धरू नये. भिंती मातीच्या असतील तर अर्जात तसे स्पष्ट लिहावे. लपवलेली गोष्ट नेमकी दाव्याच्या वेळी आडवी येते.

वादळ आपल्या हाती नाही. पण पॉलिसी, पावत्या आणि छायाचित्रे एका पिशवीत घालून कोरड्या जागी ठेवणे तर आपल्या हाती आहे ना? पाऊस सुरू होण्याआधी एवढे काम उरकून घ्या.