दिलेला शब्द आणि तेरा राज्ये



अमेरिकेचा इतिहास म्हटला की १७७६ ची स्वातंत्र्याची घोषणा आणि १७८७ ची राज्यघटना आपल्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात. त्या दोहोंमधील दशकाकडे आपले लक्ष क्वचितच जाते. परंतु एखादे राष्ट्र जगाच्या दरबारात दुर्बळ का ठरते, याचे मर्म त्याच दशकात सापडते.

१ मार्च १७८१ रोजी ‘आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन’ हे करारपत्र अंमलात आले. तेरा सार्वभौम राज्यांचा तो स्नेहसंघ होता. युद्ध, तह व वकिलांच्या नेमणुका हे अधिकार काँग्रेस या मध्यवर्ती सभेला मिळाले. मात्र कर बसविण्याचा, व्यापाराचे नियमन करण्याचा अथवा राज्यांना आज्ञा पाळावयास लावण्याचा अधिकार तिला नव्हता. द्रव्य हवे असल्यास राज्यांकडे मागावयाचे आणि ती देतील तेवढ्यावर भागवावयाचे! आयात मालावर पाच टक्के जकात बसविण्याची सूचना १७८२ मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडच्या नकाराने बारगळली. कारण अशा दुरुस्तीस तेराही राज्यांची संमती लागे.

या दुर्बलतेचा पहिला प्रत्यय ३ सप्टेंबर १७८३ च्या पॅरिसच्या तहाने आला. त्याच्या मान्यतेसाठी नऊ राज्यांची संमती आवश्यक होती, आणि तेवढ्या राज्यांचे प्रतिनिधी जमता जमता १४ जानेवारी १७८४ उजाडला. ब्रिटिश सावकारांच्या कर्जवसुलीत कायदेशीर अडथळा येऊ नये, असे तहात होते. तरी व्हर्जिनियासारख्या राज्यांनी ती वसुली रोखली. ब्रिटनला फरच्या व्यापारासाठी डेट्रॉइट, नायगारा ही ठाणी हवीच होती. राज्यांच्या वर्तनाने तिला आयती सबब मिळाली. परराष्ट्रसचिव जॉन जे यांनी १७८६ मध्ये काँग्रेसला दिलेल्या अहवालात राज्यांनी तहभंग केल्याचे स्पष्टपणे मान्य केले. लंडनमध्ये जॉन ॲडम्स यांनी व्यापारी करारासाठी प्रयत्न केले, तेही निष्फळ ठरले. तेरा राज्ये एकमताने बंदरे बंद करू शकत नाहीत, हे ठाऊक असलेल्या ब्रिटनने सवलत का द्यावी?

स्पेनने १७८४ मध्ये मिसिसिपी नदीचे मुख अमेरिकनांना बंद केले. व्यापारी सवलतींच्या मोबदल्यात नदीवरील हक्क काही वर्षे बाजूस ठेवावा, असे जे यांनी सुचविताच उत्तरेची सात राज्ये एका बाजूस आणि दक्षिणेची पाच दुसऱ्या बाजूस गेली. नऊ मते मिळाली नाहीत; तह झालाच नाही.

परंतु या दुर्बलतेची खरी किंमत कोणी मोजली? पूर्वी अमेरिकन गलबते ब्रिटिश संरक्षणाखाली भूमध्य समुद्रात वावरत. स्वातंत्र्याबरोबर ते छत्र गेले. १७८५ मध्ये अल्जियर्सच्या चाच्यांनी ‘मारिया’ व ‘डॉफिन’ ही दोन जहाजे पकडून २१ जणांना गुलाम केले. त्याच वर्षी काँग्रेसने आपल्या आरमाराचे अखेरचे जहाज ‘अलायन्स’ विकून टाकले होते. अल्जियर्सच्या देयाने, म्हणजे तेथील शासकाने, सुटकेसाठी सुमारे साठ हजार डॉलर मागितले. काँग्रेसच्या दूताला त्याच्या जवळपासही जाता आले नाही. लढावयास जहाज नाही आणि सोडवावयास द्रव्य नाही! त्या बंदिवानांपैकी कित्येक साथीच्या रोगांनी मेले. उरलेल्यांना मुक्तीसाठी १७९६ पर्यंत, म्हणजे अकरा वर्षे, वाट पाहावी लागली.

फिलाडेल्फियाच्या १७८७ च्या परिषदेपुढे हा सारा अनुभव होता. नव्या घटनेने केंद्राला कर व व्यापार यांवरील अधिकार दिले आणि राष्ट्राने केलेला तह हा देशाचा सर्वोच्च कायदा ठरवून राज्यांच्या न्यायाधीशांनाही तो बंधनकारक केला. पुढे १७९५ च्या तहाने मिसिसिपी खुली झाली आणि १७९६ मध्ये ब्रिटनने ठाणी सोडली. युरोपातील युद्धांचाही त्यात वाटा होता, हे विसरता कामा नये. तथापि आता वाटाघाटीस बसणाऱ्या वकिलामागे शब्द पाळू शकणारे शासन उभे होते. आपल्या राज्यघटनेच्या २५३ व्या कलमानेही परराष्ट्रांशी झालेल्या करारांच्या अंमलबजावणीसाठी कायदे करण्याचा अधिकार संसदेला दिला आहे.

राज्यांची स्वायत्तता ही मोलाची गोष्ट आहे. जुलमी सत्तेशी झगडलेल्या लोकांना मध्यवर्ती सत्तेचे भय वाटावे, हेही स्वाभाविक होते. परंतु परक्यांना शब्द देणारा एक आणि तो पाळणारे तेरा, अशी व्यवस्था असेल तर त्या शब्दाला बाजारात मोल राहत नाही. आणि त्या उणिवेचे ऋण सभागृहातील वक्ते फेडत नाहीत. ते दूरच्या किनाऱ्यावरील अनाम खलाशी फेडतात.