कणांची झारी

सूर्यात जी क्रिया घडते ती पृथ्वीवर घडवून तिच्यापासून वीज मिळवावी, हा शास्त्रज्ञांचा फार दिवसांचा खटाटोप आहे. त्यासाठी फ्रान्समध्ये कादाराश येथे अनेक राष्ट्रे मिळून ‘ईटर’ नावाची प्रचंड भट्टी उभारीत आहेत. भारतही तीत भागीदार आहे. हायड्रोजनच्या जातीचा वायू तीत सुमारे १५ कोटी अंशांपर्यंत तापवायचा आहे.

आता तुम्ही म्हणाल, एवढी उष्णता आणायची कोठून? एक उपाय असा, की अतिवेगवान अणूंचा झोत बाहेरून आत सोडायचा. पण खरी गोम इथेच आहे. विजेच्या जोराने कण पळवायचा तर त्याच्यावर विद्युत्‌भार हवा. आणि भट्टीभोवती तर चुंबकाचे कुंपण! भारित कण त्या कुंपणाशीच वळतो. म्हणून आधी कण भारित करायचा, पळवायचा, आणि दारात पोचण्यापूर्वी त्याचा भार काढून घ्यायचा. धन कण फार वेगात असला म्हणजे वाटेत इलेक्ट्रॉन फारसा उचलीत नाही. ऋण कणाजवळ मात्र एक इलेक्ट्रॉन जास्तीचा, तोही सैल बांधलेला. विरळ वायूतून जाता जाता गळून पडतो. तेव्हा ऋण कणच हवेत, आणि ते पुरेसे तयार करणे हेच महाकठीण.

इटलीत पादुआ येथे ‘स्पायडर’ हे यंत्र २०१८ साली याच अभ्यासासाठी चालू झाले. कण बाहेर ओढणाऱ्या त्याच्या जाळ्यांना १,२८० छिद्रे आहेत. बागेची झारीच म्हणा ना! एकीकडे धार जोरात नि दुसरीकडे नुसती ठिबक, असे झाले तर वाफा बिघडतो. इथे यंत्राचे भागच भाजायचे. आत सीझियम धातूचा पातळ थर बसवतात, म्हणजे पृष्ठभागावर कणाला इलेक्ट्रॉन सहज मिळतो. पण तो थर सगळीकडे सारखा राखणे सोपे नाही.

मग झोत मोजायचा कसा? त्याच्या वाटेत कार्बनतंतूंच्या १६ फरशा धरतात. तंतू समोरून मागे आरपार गेलेले असतात, त्यामुळे उष्णतेचा ठसा फारसा न पसरता पाठीमागे उमटतो, आणि उष्णता पाहणारा कॅमेरा तो टिपतो. दुसरी युक्ती प्रकाशाची. आगगाडी जवळ येताना शिटीचा सूर चढलेला वाटतो ना? तसा धावत्या अणूंच्या प्रकाशाचा रंग किंचित सरकतो. त्यावरून वेग कळतो, आणि त्या रंगरेषेच्या रुंदीवरून धार किती फाकली तेही. ईटरला दर मीटरमागे ७ मिलिमीटरहून जास्त फाकलेली धार चालणार नाही.

सुरुवातीलाच विघ्न आले. छिद्रांतून निसटलेला वायू पंपांना पुरेसा उपसता येईना, आणि यंत्राच्या मागल्या अंगाला, नको तिथे, विजेचे लोळ पेटू लागले. तेव्हा एक झाकण लावून १,२८० पैकी फक्त ८० छिद्रे उघडी ठेवली. कुणाला ही माघार वाटेल. मला मात्र यात शहाणपण दिसते. धारा विरळ झाल्या, म्हणून प्रत्येकीचा ठसा वेगळा वाचता आला. सीझियम २०२१ साली वापरले. मग यंत्र सुधारणेसाठी उघडले, आणि २०२४ साली ते पुन्हा चालू झाले.

या स्पायडरचा झोत अंगावर झेलणारा, पाण्याने थंड राहणारा भाग भारताने पुरवला आहे. शिवाय गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेकडे ईटरच्या आणखी एका झोताचे काम आहे. तो एक लक्ष व्होल्टांचा, पण भट्टी तापवण्यासाठी नव्हे. चुलीत जशी राख साचते, तशी या भट्टीत हेलियमची साचणार. ती किती साचली, हे त्याच्या साहाय्याने पाहायचे आहे.