मोबाईलचा नावलौकिक : मिळतो कसा, जातो कसा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत चेन्नई येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संतवाङ्मय, नाट्यसंगीत, तंजावरचे मराठे असे भारदस्त विषय या व्याख्यानमालेत होऊन गेल्यावर आम्ही मोबाईल कंपन्यांच्या नावलौकिकावर बोलावयास उभे राहावे, हे काहींना विचित्र वाटेल. कार्यवाहांना विषय कळविताना आम्हालाही संकोच वाटला. परंतु गावापासून हजार-बाराशे किलोमीटर दूर राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना घराशी बांधून ठेवणारी वस्तू आज कोणती, असे विचारले तर उत्तर एकच येईल. एके काळी ट्रंक कॉल नोंदवून तासन् तास वाट पाहावी लागे. पुढे एस. टी. डी. बूथसमोर, रात्री दर उतरल्यावर, रांगा लागत. आज सातारा जिल्ह्यातील खेड्यात ओट्यापाशी उभी असलेली आजी चेन्नईतल्या नातवाला पडद्यावर पाहते. ते यंत्र कितपत विश्वासाचे, हा प्रश्न म्हणूनच केवळ बाजाराचा उरत नाही.

आमच्यापुरता हा प्रश्न एप्रिल २०२० मध्ये उभा राहिला. आईला घेऊन दिलेल्या फोनची बॅटरी फुगली आणि फोन बंद पडला. टाळेबंदीमुळे दुरुस्तीची दुकाने बंद होती. चौकशीअंती असे कळले की, त्या कंपनीचे सेवाकेंद्र जिल्ह्यातून आधीच गेलेले होते. अकरा दिवस शेजारच्या मुलाच्या फोनवरून दिवसाकाठी दोन मिनिटे बोलणे होई. तो फोन आम्ही कशाच्या भरवशावर घेतला होता? त्याच नावाची दुसरी एक वस्तू आमच्या घरी पंधरा वर्षे बिनतक्रार चालली होती, एवढ्याच भरवशावर. कंपनीचे नाव सांगण्याचे येथे प्रयोजन नाही, कारण चूक अंशतः आमचीही होती. आम्ही फोन विकत घेतला नव्हता; पंधरा वर्षांपूर्वीचे नाव विकत घेतले होते.

तेव्हापासून आम्ही या विषयाकडे थोडे बारकाईने पाहू लागलो. आमच्या पाहण्यात आलेली मुख्य गोष्ट अशी की, नावलौकिक हा गुणवत्तेच्या मागून, आणि बराच उशिरा, चालत येतो. माल सुधारला तरी काही वर्षे नाव वाईटच राहते. माल घसरला तरी काही वर्षे नाव चांगलेच राहते. या मधल्या काळात गिऱ्हाईक फसते. आणि हे अंतर कमी-जास्त होते ते मुख्यतः दोष उघडकीस आल्यावर कंपनी कशी वागते यावरून.

प्रथम दक्षिण कोरियाच्या सॅमसंगचे उदाहरण घेऊ. १९९० च्या दशकाच्या आरंभी तिचा माल जगात स्वस्त आणि दुय्यम समजला जाई. अध्यक्ष ली कुन-ही यांनी १९९३ मध्ये फ्रँकफुर्ट येथे अधिकाऱ्यांना एकत्र बोलावून संख्येपेक्षा गुणवत्ता श्रेष्ठ, असा आग्रह धरला. तरीही सदोष फोन बाजारात येतच राहिले. तेव्हा मार्च १९९५ मध्ये गुमी येथील कारखान्याच्या आवारात, कामगारांच्या डोळ्यांदेखत, सुमारे दीड लाख फोन आणि इतर उपकरणे फोडून त्यांची होळी करण्यात आली. या देखाव्यात नाट्य होते हे खरे. पण आपल्याच हातांनी केलेल्या वस्तू जळताना पाहणाऱ्या कामगारांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नसेल. जगाच्या मनातले मत बदलावयास मात्र त्यानंतर दहा-बारा वर्षे लागली.

दैवाचा खेळ असा की, त्याच कंपनीवर २१ वर्षांनी फोन आपोआप पेटण्याची पाळी आली. ऑगस्ट २०१६ मध्ये आलेल्या गॅलक्सी नोट ७ ची बॅटरी तापून पेट घेऊ लागली. सप्टेंबरच्या आरंभी कंपनीने सुमारे २५ लाख फोन परत मागविले. येथवर सारे रीतसर झाले. पण दोषाचे मूळ पुरते सापडण्याआधीच बदली फोन देण्याची घाई झाली, आणि तेही पेटू लागले. ऑक्टोबरमध्ये ते उत्पादनच बंद करावे लागले. त्या दिवसांत येथून पुण्या-मुंबईस विमानाने गेलेल्या मंडळींना आठवत असेल. हा फोन विमानात सुरू करू नये अशी सूचना प्रवाशांना दिली जात असे. कोट्यवधी रुपयांच्या जाहिरातींनी मिळविलेले नाव हवाईसुंदरीच्या एका वाक्याने खाली येत होते.

त्यानंतर जे झाले ते अधिक मननीय आहे. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने चौकशीचा निष्कर्ष जाहीर केला. सुमारे २ लाख फोन आणि ३० हजार बॅटऱ्या तपासण्यात आल्या होत्या. बॅटऱ्या दोन पुरवठादारांच्या होत्या आणि दोन्हींत निरनिराळे दोष निघाले. म्हणजे पहिल्याचा माल काढून दुसऱ्याचा बसविल्याने रोग जाणार नव्हता. पुढील फोनांसाठी बॅटरीची आठ टप्प्यांची तपासणी ठरविण्यात आली. दुधाने तोंड पोळलेले गिऱ्हाईक ताकही फुंकून पिते. तरी त्याच वर्षी आलेला गॅलक्सी एस ८ लोकांनी घेतला. दोष कोठे होता हे कंपनीने स्वतःच सांगितले, याचा त्यात निश्चित वाटा असावा.

फिनलंडच्या नोकियाची कहाणी आपल्या शहरास अधिक जवळची. २००३ मध्ये आलेला नोकिया ११०० आपल्यापैकी अनेकांच्या खिशात होता. धूळ आत जाऊ नये अशी कळफलकाची रचना, वीज गेल्यावर उपयोगी पडणारी बॅटरी-दिव्याची सोय, आणि दिवसचे दिवस टिकणारी बॅटरी. अशा फोनची जगात २५ कोटींहून अधिक विक्री झाली. ऑगस्ट २००७ मध्ये याच कंपनीच्या बी. एल.- ५ सी या जातीच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्ज करताना तापण्याचा संभव आहे, असे तिने स्वतःच जाहीर केले. बॅटऱ्या एका जपानी पुरवठादाराने केलेल्या होत्या. त्याकडे बोट दाखवून थांबता आले असते. पण त्या विनामूल्य बदलून देण्यात आल्या. आपल्या देशात त्या वेळी घबराट उडाली, सेवाकेंद्रांपुढे गर्दी झाली. तरी नाव टिकले.

मग हे नाव गेले कसे? फोन तकलादू झाले म्हणून गेले नाही. गुणवत्ता या शब्दाचा अर्थच बदलला. २००७ मध्ये आयफोन आला, २००८ मध्ये अँड्रॉइड प्रणालीचा पहिला फोन आला, आणि लोक फोन जिन्यावरून पडला तर फुटेल का, हे विचारण्याऐवजी त्यावर काय काय चालते, हे विचारू लागले. नोकियाची प्रणाली या प्रश्नाला पुरी पडली नाही. २०१३ मध्ये फोनचा व्यवसाय मायक्रोसॉफ्टला विकण्याचे ठरले. येथून ४० किलोमीटरवर श्रीपेरंबुदूर येथे २००६ पासून चालू असलेला कारखाना करविषयक वादामुळे त्या व्यवहाराबाहेर राहिला, आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून तेथील काम थांबले. तेथे काम करणाऱ्या हजारो कामगारांत तरुण मुलींची संख्या मोठी होती. त्यांच्या हातच्या कामाला कोणी नाव ठेवले नव्हते. एका नावाच्या ऱ्हासाची झळ कोठवर पोहोचते, हे पाहावयास आपल्याला फिनलंडला जावे लागले नाही.

आता उलट बाजूचे उदाहरण. २००९ च्या सुमारास ‘चायना मोबाईल’ हे शब्द आपल्याकडे कुचेष्टेनेच उच्चारले जात. मोठा भोंगा, दोन-दोन सिमकार्डे, किंमत नाममात्र, आणि अनेकांना ओळखक्रमांकही नाही. असा क्रमांक नसलेल्या फोनांची सेवा सरकारने डिसेंबर २००९ पासून बंद करविली. अशा वातावरणात जुलै २०१४ मध्ये शाओमी ही चिनी कंपनी येथे आली, आणि २०१७ च्या अखेरीस स्मार्टफोनच्या विक्रीत ती सॅमसंगच्याही पुढे गेली.

हे केवळ स्वस्ताईने झाले असे आम्हास वाटत नाही. स्वस्त तर आधीचे फोनही होते. या कंपनीने फोनच्या आत काय बसविले आहे ते उघड सांगितले, वापरणाऱ्यांच्या सूचना घेऊन प्रणालीत वरचेवर सुधारणा केल्या, आणि ऑगस्ट २०१५ पासून येथून उत्तरेस, आंध्रच्या सीमेलगत श्रीसिटी येथे फोनची जुळणी सुरू केली. ‘चिनी माल’ हे दूषण त्या तीन वर्षांत पुसले गेले असे नव्हे. पण घरोघरी कोणाच्या तरी हाती तो फोन नीट चालताना दिसू लागला, आणि दूषण देणाऱ्याचा आवाज खाली आला.

अॅपलचे नाव वेगळ्याच तऱ्हेने पणास लागले. डिसेंबर २०१७ मध्ये तिला कबूल करावे लागले की, बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनांचा वेग तिने प्रणालीतून कमी केला होता. फोन अचानक बंद पडू नये, हा हेतू तिने सांगितला, आणि तो अगदीच अवास्तव नव्हता. लोकांचा राग होता तो न सांगता केल्याबद्दल. फोन मंदावला म्हणून कित्येकांनी नवा घेतला असेल, जिथे नव्या बॅटरीने काम भागले असते. कंपनीने क्षमा मागितली आणि अमेरिकेत बॅटरी बदलण्याचे मोल ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणले. पुढे २०२० मध्ये फ्रान्समध्ये तिला २ कोटी ५० लाख युरोंचा दंडही झाला. नोकियाने २००७ मध्ये आपण होऊन सांगितले. अॅपलला दहा वर्षांनी सांगणे भाग पडले. दोघांची नावे त्या प्रसंगातून तरली, पण दोन्ही प्रसंग लोकांनी सारख्या मनाने लक्षात ठेवलेले नाहीत.

जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते. आज याच श्रीपेरंबुदूर परिसरात आयफोनची जुळणी होते. २०२२ मध्ये आयफोन १४ जगात विक्रीस आल्यावर काही आठवड्यांतच तो येथे तयार होऊ लागला. तरीही दुकानात ‘बाहेरचा आहे ना?’ असे हळूच विचारणारे गिऱ्हाईक आपण पाहतो. क्वचित् ते गिऱ्हाईक आपणच असतो. शेजारच्या मुलीने जोडलेल्या फोनवर आपला विश्वास नाही, पण समुद्रापार अनोळखी हातांनी जोडलेल्यावर आहे. हाही नावलौकिकाचाच, आणि फारसा शोभादायक नसलेला, प्रकार होय.

मग साध्या गृहस्थाने करावे काय? रिची स्ट्रीटवरील दुरुस्तीवाल्यास विचारावे, असे पुष्कळ जण म्हणतात. सल्ला चांगला आहे. पण ज्या कंपनीचे फोन सर्वांत अधिक खपतात, तेच त्याच्याकडे सर्वांत अधिक येणार, हे ध्यानात ठेवावे. कोणता फोन बिघडतो, याहून कोणत्या फोनचा सुटा भाग मिळतो आणि कोणत्याचा मिळत नाही, हे त्यास विचारावे. त्याचे या बाबतीतले ज्ञान जाहिरातदारापेक्षा शतपटीने खरे असते.

दुसरे असे की, फोन जेथे वापरला जाणार तेथे सेवाकेंद्र आहे काय, हे पाहावे. आमची चूक येथेच झाली. चेन्नईत दहा केंद्रे असून साताऱ्याच्या आईस त्यांचा उपयोग नाही.

तिसरे, सुरक्षेच्या सुधारणा किती वर्षे मिळणार, हे विचारावे. आज आपले बँकेचे व्यवहार फोनवरून होतात. अशा वेळी सुधारणा थांबलेला फोन म्हणजे कडी नसलेले दार. गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या पिक्सेल ८ साठी, आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलक्सी एस २४ साठी सात वर्षांचे वचन दिले. हे फोन महागातले आहेत; स्वस्त फोनांना बहुधा इतकी वर्षे मिळत नाहीत. शिवाय वचन पाळले की नाही, हे २०३० उजाडल्यावरच कळेल. युरोपीय संघाने तर २० जून २०२५ पासून सुटे भाग आणि सुधारणा दीर्घकाळ पुरविणे कायद्यानेच बंधनकारक केले आहे. नुसत्या नावावर विसंबून भागत नाही, हे तेथील राज्यकर्त्यांनाही पटलेले दिसते.

चौथे आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे: मागच्या खेपेस कंपनीचा माल बिघडला, तेव्हा ती कशी वागली? कधीच न बिघडणारी कंपनी आम्हास अद्याप आढळलेली नाही.

सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी शेवटी एवढेच निवेदन करावेसे वाटते. मंडळाच्या जुन्या सभासदांकडून आम्ही ऐकले आहे की, पूर्वी या शहरात एखाद्या मराठी बिऱ्हाडाने घर वेळेवर भाडे देऊन, नीट राखून सोडले, की घरमालक पुढचे बिऱ्हाडही मराठीच मागे. नव्याने आलेल्या माणसाला ते घर मिळे ते आधीच्याच्या वागणुकीवर. आम्हीही अशाच एका घरात प्रथम उतरलो. ते नाव आम्ही कमावलेले नव्हते. ते राखण्याची जबाबदारी मात्र आमच्याकडे आली होती. ती कितपत पार पडली, हे आमच्यानंतर त्या घरात राहावयास आलेल्यांनी सांगावे.

आईकडे आता दुसरा फोन आहे. तो घेताना आम्ही कंपनीचे नाव सर्वांत शेवटी विचारले.