न पाहिलेल्या मालाचा सौदा



दापोड्यात येऊन खरेदी-विक्रीविषयी बोलणे म्हणजे काशीत जाऊन गंगेचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे. येथे रस्त्याच्या दुतर्फा गोदामे उभी आहेत आणि लोकांनी घरबसल्या मागविलेला माल त्यांतून घरोघर जातो. परंतु आमचा आजचा विषय कोऱ्या मालाचा नाही. इंटरनेटवरून जुने संगणक विकत घेणाऱ्या आणि विकणाऱ्या आमच्यासारख्या छांदिष्टांचा हा विषय आहे.

जुन्या यंत्रांचा व्यवहार या तालुक्याला नवा नाही. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग भिवंडीत येऊन पुन्हा खडखडू लागले, हे आपण जाणताच. पण माग घ्यायचा तर तो चालवून पाहता येतो, धोटा कसा धावतो ते डोळ्यांनी दिसते. आमच्या बाजारात ती सोय नाही. माल शेकडो मैलांवर, विकणारा अनोळखी आणि हाती केवळ चार छायाचित्रे!

एक उदाहरण घेऊ. इंग्लंडमधील सिंक्लेअर कंपनीने १९८२ साली 'झेडएक्स स्पेक्ट्रम' हा घरगुती संगणक काढला. पडदा म्हणून घरचाच टीव्ही आणि प्रोग्रॅम साठवायला साधी कॅसेट, असा त्याचा थाट. त्याची 'स्पेक्ट्रम प्लस' ही पुढची आवृत्ती १९८६च्या सुमारास पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम' या नावाने आपल्याकडे आणली. आज भंगारवाल्याच्या काट्यावर तो ठेवला तर चहाचे पैसे सुटायचे नाहीत. जाणत्याला मात्र तो महाराष्ट्रातील संगणकयुगाचा हाती धरता येणारा पुरावा आहे.

मग त्याची किंमत ठरवायची कशी? 'ॲपल-१' हा संगणक १९७६ साली ६६६ डॉलर ६६ सेंटला विकला जाई. २०१४ साली त्यातील एका नगाला लिलावात ९,०५,००० डॉलर मिळाले. असे आकडे ऐकले की लोक माळे धुंडाळू लागतात. पण ते यंत्र सुमारे २००च बनले होते, हे विसरून कसे चालेल? जुने ते सारे दुर्मिळ नव्हे. आणि विक्रेत्याने मागितलेली किंमत ही किंमतच नव्हे. सौदा ज्या रकमेला पुरा झाला, तीच खरी.

आता आमचीच एक फजिती सांगतो. असाच एक संगणक आम्ही विकायला काढला. टीव्हीला जोडताच पडद्यावर अक्षरे उमटली. आम्ही खुशाल लिहून टाकले, 'उत्तम चालू'. आठ दिवसांनी घेणाऱ्याचे पत्र आले : कळांची एक ओळच दाबली जात नाही. कळांखालची प्लॅस्टिकची पातळ फीत वर्षांनुवर्षे कडक होऊन तडकली होती. आम्ही खोटे बोललो नव्हतो. पण जे तपासले नव्हते, ते तपासल्याच्या थाटात सांगितले होते. पैसे परत केले, दोन्ही वेळची हुंडेकरी सोसली. त्या गृहस्थाने एवढेच लिहिले, "यापुढे तुमच्याकडून काही घेताना विचार करीन." पैशापेक्षा ते वाक्य महाग पडले.

तेव्हापासून आम्ही झाकण उघडून आतली छायाचित्रे दाखवितो आणि तशीच मागतो. जुन्या बॅटरीतला क्षार पाझरून तांब्याच्या रेषा खातो, ते बाहेरून दिसत नाही. प्रत्येक कळ दाबून पाहतो, कॅसेट लावून पाहतो. जे पाहिले नाही, त्यापुढे 'तपासलेले नाही' असे स्पष्ट लिहितो. त्याने भाव उतरतो, हे खरे. पण खोट्या भरवशावर गेलेले यंत्र पुष्कळदा घेणाऱ्याच्या रागापायी अखेर भंगारात जाते, आणि त्याबरोबर तो पुरावाही.

मित्रहो, गोदामातला माल कुलपाने राखता येतो. जेथे माल हाताळताच येत नाही, तेथे विकणाऱ्याचा शब्द हाच माल असतो. तो मात्र ज्याचा त्यानेच राखावा लागतो.